इगर्जीत दुबळेपणाला जागा हवी

गोव्यात मे महिना लागला की वाड्यावरच्या खुरसाला, म्हणजे क्रुसाला, नवा चुना लागतो आणि संध्याकाळच्या लदिनी, म्हणजे खुरसापाशी सगळ्यांनी मिळून म्हणायच्या प्रार्थना, सुरू होतात. आबोलीच्या माळा, मेणबत्त्या, कुणीतरी आणलेले व्हायोलिन आणि लॅटिनमधली आळवणी. लॅटिनचा अर्थ आता थोड्यांनाच कळतो, पण चाल म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांच्या ओठांवर असते. शेवटचे गीत संपले की उकडलेले चणे वाटतात आणि मागोमाग ट्रे फिरतो. त्यात फेणी, बियर आणि पोरांसाठी शीतपेय. शेजाऱ्यांनी एकत्र येऊन प्रार्थना करावी, मग घटकाभर गप्पा माराव्यात, ही रीत मला मनापासून आवडते. पण जवळजवळ प्रत्येक लदिनीला गर्दीच्या मागे, कुंपणापाशी, एखादा माणूस उभा असतो आणि चणे यायच्या आत तो निघून जातो. लोक म्हणतात, हल्ली हा कुणात मिसळत नाही. त्याने दारू सोडलेली असते. ट्रे समोर आला आणि चारचौघांनी आग्रह केला, तर नको म्हणण्याचे बळ आपल्यात नाही, हे त्याने ओळखलेले असते. म्हणून तो आळवणी ऐकतो, छातीवर खुरसाची खूण करतो आणि घरची वाट धरतो.

त्या संध्याकाळी देवाचा आधार सगळ्यांत जास्त त्याने घेतलेला असतो आणि सगळ्यांत एकटाही तोच असतो. हे मला फार दिवस सलत आले आहे.

मी सावंतवाडीकडची. घरात कोकणी, शाळा मराठी, प्रार्थना दोन्ही भाषांतून. लग्न होऊन गोव्यातल्या बार्देश तालुक्यात आले आणि इथल्या इगर्जीची, म्हणजे चर्चची, झाले. आजाऱ्यांना भेटायला जाणाऱ्या आमच्या गटाबरोबर घरोघरी फिरते, त्यामुळे लोकांच्या बाल्कांवापेक्षा, म्हणजे दारासमोरच्या ओसरीपेक्षा, त्यांच्या मागच्या खोल्या मी जास्त पाहिल्या आहेत. त्यावरून माझे एक मत बनले आहे. गोव्यातल्या आम्हा कॅथलिकांनी दुबळेपणा कुमसाराच्या, म्हणजे फादरांपाशी द्यायच्या पापकबुलीच्या, जाळीपुरता ठेवला आहे. जाळीपाशी गुडघे टेकले की आपण सगळे पापी, आणि तिथून उठून बाहेर आलो की सगळ्यांचे सगळे ठीक. देवावर भार टाकायचा असेल तर आधी आपल्या डोक्यावर भार आहे हे कुणापाशी तरी बोलावे लागते. ते बोलता येईल अशी जागा पॅरिशने, म्हणजे गावच्या चर्चच्या समाजाने, उघडपणे करून द्यायला हवी, आणि ती करण्याचे काम एकट्या फादरांचे नाही, वाड्याचेही आहे.

हे काही मी नवे सांगत नाही. मिस्सेची, म्हणजे इगर्जीतल्या रविवारच्या उपासनेची, सुरुवात आठवा. आपण सगळे मिळून कबुली देतो की विचाराने, शब्दाने, कृतीने आणि करायचे ते न करून आपण पाप केले. ही कबुली कुणासमोर असते? सर्वसमर्थ देवासमोर, आणि त्याच वाक्यात बंधुभगिनींसमोर. शेवटी त्याच बंधुभगिनींना आपण विनवतो की माझ्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे शेजारच्या बाकावर बसलेल्या बाईला मी दर रविवारी सांगते की मी चुकले आहे, मला तुझी गरज आहे. ती मला तेच सांगते. मग ख्रिस्तशरीर घेण्याआधी त्या रोमी शताधिपतीचे शब्द आपण तोंडी घेतो की प्रभू, तू माझ्या छपराखाली यावेस अशी माझी योग्यता नाही. मंत्री असो की पाव विकणारा पदेर, सगळ्यांना तेच म्हणावे लागते. इतकी मोठी कबुली एका तासात दोनदा दिल्यावर इगर्जीच्या पायऱ्या उतरताना आपण एकमेकांना 'कसे काय?' विचारतो आणि 'बरें' म्हणून पुढे जातो. घरात नवरा तीन दिवस कामावर गेलेला नसतो, मुलगी रात्रभर जागी असते, पण उत्तर 'बरें'.

शुभवर्तमान वाचताना मला नेहमी जाणवते की तिथे कुणीच 'बरें' म्हणत नाही. मार्काच्या नवव्या अध्यायातला तो बाप पाहा. मुलाला लहानपणापासून झटके येतात, कधी विस्तवात पडतो, कधी पाण्यात. शिष्यांकडून काही झालेले नाही. येशू त्याला म्हणतो की विश्वास ठेवणाऱ्याला सगळे शक्य आहे, आणि तो बाप ओरडून जे बोलतो ते सगळ्या बायबलमधले मला सर्वांत जवळचे वाटणारे वाक्य आहे. माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवायला मला मदत कर. दोन्ही एका दमात. हे तो चार भिंतींच्या आत म्हणत नाही, भोवती गर्दी जमलेली असते. येशू त्याला, आधी विश्वास पक्का करून ये, असे सांगत नाही. त्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावर मुलगा बरा होतो.

पेत्राचेही तसेच. शेकोटीपाशी एका दासीने विचारले तेव्हा त्याची गाळण उडाली आणि त्याने गुरूला तीनदा नाकारले. चारही शुभवर्तमानांनी ही गोष्ट नोंदवली आहे. ज्याला पहिला पोप मानायचे त्याची ही नाचक्की पहिल्या पिढीच्या ख्रिस्ती लोकांना सहज गाळता आली असती. त्यांनी ती प्रार्थनेच्या सभांमधून मोठ्याने वाचली. पौलाच्या शरीरात कसला तरी काटा होता, तो नेमका काय याचा वाद आजही चालतो. त्याने तीनदा विनवणी केली की हा काढ, आणि काटा निघाला नाही. उत्तर मिळाले की माझी कृपा तुला पुरे, दुबळेपणातच माझे बळ पूर्णत्वाला येते. हे पौलाने करिंथकरांना पत्रात लिहून कळवले, तेही त्याची खिल्ली उडवणारे, त्याला कमी लेखणारे लोक तिथे होते हे माहीत असताना.

असे असताना आमच्याकडे हा पडदा आला कुठून? मला वाटते तो इज्जतीतून आला, आणि त्याला पैशाची जोड मिळाली. आमच्या गावांतून पुरुष जहाजावर गेले, आखातात गेले, आता लिस्बन आणि लंडनला जातात. मागे राहिलेल्या घराला बाहेरून रंग लागला, टाइल बसल्या, फेस्ताला, म्हणजे इगर्जीच्या सणाला, प्रेसिदेंतपण म्हणजे यजमानपण घेतले गेले. घर वर आल्याचे दाखवायला इगर्ज ही जागा सोयीची होती, आणि ते दाखवण्यात वाईट काही नाही. पण जिथे वर आलेले दाखवायचे तिथेच खाली कोसळलेले कसे दाखवणार? तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा, चार महिन्यांच्या रजेवर घरी येतो. पहिला आठवडा सगळे भेटायला येतात. नंतरच्या दुपारी लांबत जातात, ओळखीचे जहाजावर, पोरे शाळेत, बायकोची घरकामाची घडी त्याच्याशिवाय बसलेली. तो तावेर्नात, म्हणजे दारूच्या गुत्त्यात, जाऊन बसतो. गोव्यात दारू शेजारच्या राज्यांपेक्षा स्वस्त आणि हाकेच्या अंतरावर. दारू पिणे लपवावे लागत नाही, कारण ती लग्नात असते, सांजावाच्या सणात असते, अंत्यविधीहून परतल्यावरही असते. लपवावे लागते ते हे की आता थांबता येत नाही.

आणि लपवण्याचे काम बाईच्या वाट्याला येते. इगर्जीच्या बाकावर त्याची जागा रिकामी दिसू नये म्हणून मुलाला तिथे सरकवून बसवणारी बाई मी पाहिली आहे. डिसेंबरच्या आसपास सायबीण, म्हणजे मरियेची मूर्ती, घरोघर फिरते, त्या संध्याकाळी वाडा घरात येणार म्हणून सकाळपासून नवऱ्याच्या मागे लागून त्याला न्हाऊ घालणारी, इस्त्रीचा शर्ट चढवणारी, आणि तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चालू असताना तो डुलू लागला की मेणबत्ती सारखी करायच्या निमित्ताने उठून त्याच्यापुढे उभी राहणारी. सायबीण घरात आलेली आहे. जिच्यापुढे सगळे बोलावे तीच आई देव्हाऱ्यावर बसलेली आहे. आणि तिच्यासमोरच आपण सगळ्यांत जास्त झाकतो.

या झाकण्याची किंमत जीवानिशी मोजावी लागते, हे मला जरा सविस्तर सांगायचे आहे. पुष्कळ घरांत असे होते की एक दिवस तो स्वतःच ठरवतो. जुन्या गोव्याला सांव फ्रान्सिस्क शाविएराच्या फेस्ताला जातो, नाहीतर एखाद्या रिट्रीटला, म्हणजे प्रार्थना-शिबिराला, जातो, नवस बोलतो आणि त्या दिवसापासून थेंब घेत नाही. घरात आनंद. दुसऱ्या दिवशी हात थरथरू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. कुणाला फिट येते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो भिंतीवर किडे दिसतात म्हणतो, मेलेल्या बापाशी बोलतो, घरातल्यांना ओळखत नाही. घरचे घाबरून म्हणतात, सैतान लागला, आणि पुन्हा प्रार्थनेला माणसे बोलावतात. हा सैतान नाही. वर्षानुवर्षे रोज दारू घेणाऱ्या शरीराची ती अचानक तोडली की मेंदू असा बंड करतो, आणि वेळेवर इस्पितळात नेले नाही तर माणूस दगावू शकतो. डॉक्टरच्या देखरेखीखाली औषधे आणि बी-वन जीवनसत्त्व देऊन हे दिवस निभावता येतात. ज्याला रोज सकाळी उठल्याबरोबर घ्यावी लागते त्याने घरच्या घरी एकदम सोडू नये, आधी डॉक्टर गाठावा, हे वाक्य प्रत्येक रिट्रीटच्या व्यासपीठावरून सांगितले गेले पाहिजे. नवस खरा असतो, त्यामागची तळमळही खरी. तो कुणाला सांगितलेला नसतो, म्हणून त्या माणसाला वाचवणारे वेळेवर कुणी नसते.

इथे काही भाविक मंडळी मला थांबवतात. विश्वास असेल तर औषध कशाला, असे ती म्हणतात, आणि मानसिक आजाराच्या गोळ्या प्रार्थनासभेनंतर बंद केलेली माणसे मी भेटीच्या वेळी पाहिली आहेत. त्यांना मी आपल्याच बायबलकडे वळवते. कॅथलिक बायबलमध्ये बेन सिराचे पुस्तक आहे. त्याच्या अडतिसाव्या अध्यायात स्पष्ट लिहिले आहे की वैद्याचा मान राख, त्याला देवानेच निर्माण केले. औषधे देवाने मातीतून उगवली, शहाणा माणूस त्यांना तुच्छ मानत नाही. आजारी पडलास तर प्रार्थना कर, पापापासून मागे फीर, आणि मग वैद्याला जागा दे, त्याला दूर ठेवू नकोस, त्याचीही गरज आहे. प्रार्थना आणि वैद्य एकाच परिच्छेदात. देवावर विसंबणे म्हणजे देवाने ज्या हातांतून मदत पाठवली ते हात झिडकारणे नव्हे. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या जवळच फुलांचा खुरीस आहे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिथे मेणबत्ती लावून, फुले वाहून वॉर्डात परतणाऱ्यांत हिंदू असतात, ख्रिस्ती असतात. त्यांच्या मनात खुरीस आणि इस्पितळ यांचे भांडण नसते. ते भांडण आपण शिकलेली माणसे लावतो.

याच बांबोळीला मनोविकारांचे सरकारी इस्पितळ आहे. त्याच्या फाटकातून आत जाताना कुणी ओळखीचे पाहील का, या धास्तीने लोक डोक्यावरून पदर घेतात, टोपी ओढतात. रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा माणूस बिनदिक्कत सांगतो. उदासीच्या गोळ्या घेणारा कपाटात लपवतो. तेव्हा ज्यांना सांगायला कुणीच नाही त्यांनी निदान टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक जवळ ठेवावा. तो सरकारी आहे, फुकट आहे.

आता कुणी म्हणेल की वाड्यावरची माणसे काय करणार, हे तज्ज्ञांचे काम. याचे उत्तर गोव्याच्याच मातीत मिळाले आहे. संगाथ या इथल्या संस्थेने गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. ज्यांच्याकडे मानसोपचाराची कसलीही पदवी नव्हती अशा सामान्य माणसांना नीट शिकवले आणि त्यांनी घातक पातळीवर दारू पिणाऱ्या पुरुषांशी जास्तीत जास्त चार बैठकांत संवाद साधला. निष्कर्ष 2017 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. तीन महिन्यांनंतर ज्यांना हे समुपदेशन मिळाले त्यांतले 36 टक्के त्या पातळीतून बाहेर आले होते. ज्यांना केंद्रातली नेहमीची काळजीच मिळाली त्यांतले 26 टक्के. नैराश्याच्या रुग्णांसाठी असाच दुसरा प्रयोग झाला, तिथे फरक 64 आणि 39 टक्के असा निघाला. दारूचा तो प्रयोग पूर्ण आहारी गेलेल्यांसाठी नव्हता, त्यांना अधिक उपचार लागतात. पण मला त्यातून एवढे कळते की शिकवलेला, न्यायनिवाडा न करता ऐकणारा, गावातलाच माणूस समोर बसला की उपयोग होतो. आमच्या ल्हान क्रिस्तांव समुदायांत, म्हणजे वाड्यावाड्यांवरच्या छोट्या ख्रिस्ती गटांत, अशी माणसे बसलेली आहेत. ती आज फेस्ताची वर्गणी गोळा करतात.

माझे काही विवेकवादी मित्र उलट बाजूने टोकतात. दुबळ्याला देवाच्या नादी लावून तुम्ही त्याला आणखी दुबळा करता, त्याने स्वतःच्या पायांवर उभे राहायला शिकावे, असे त्यांचे म्हणणे. मी त्यांचे म्हणणे मनावर घेते, कारण देवाच्या नावावर हातपाय गाळून बसणारी माणसे मीही पाहते. पण दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या चळवळीचा अनुभव काय सांगतो? 1935 साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी एकमेकांना सावरताना ही चळवळ सुरू झाली. पहिली पायरीच ही की दारूपुढे आपण हतबल आहोत, आपले आयुष्य आपल्या ताब्यात राहिलेले नाही, हे मान्य करायचे. पुढची पायरी, आपल्याहून मोठी अशी एक शक्ती आपल्याला पुन्हा शुद्धीवर आणू शकते हे मानायचे. ती शक्ती कुणाला कशी दिसावी याची सक्ती नाही. हे मानणारी माणसे निष्क्रिय होत नाहीत. ती रोज सकाळी आजचा दिवस मागतात, मग दिवसभर त्यासाठी राबतात, ज्यांना दुखावले त्यांच्या दारात जाऊन माफी मागतात, आणि रात्री-बेरात्री दुसऱ्याचा फोन आला तर उठून जातात. इतकी खडतर शिस्त स्वतःच्या बळाच्या घमेंडीवर चालताना मी पाहिली नाही. 'मनात आणले तर उद्या सोडीन' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे, आणि ते म्हणणारा काय करतो हेही.

आयर्लंडमध्ये मॅट टॅलबट नावाचा एक हमाल होऊन गेला. 1856 ते 1925 हा त्याचा काळ. पोरवयात पिऊ लागला, मजुरी दारूत घालवली, एका फिरत्या वादकाचे व्हायोलिन चोरून विकले. अठ्ठाविसाव्या वर्षी त्याने शपथ घेतली, आधी तीन महिन्यांची, आणि ती पुढची चाळीस वर्षे टिकली. सुरुवातीच्या दिवसांत तो संध्याकाळी इगर्जींतून जाऊन बसायचा, कारण रस्त्यावर राहिला तर दारूच्या गुत्त्यावरून जावे लागले असते. 1975 साली पोप सहावे पॉल यांनी त्याला पूजनीय ठरवले. मला त्याच्यातली तीन महिन्यांची शपथ महत्त्वाची वाटते. जन्मभराचे वचन देण्याइतकी आपली पत नाही, हे त्याला माहीत होते. आपल्याकडे मात्र माणसाला खुरसावर हात ठेवून जन्माची शपथ घ्यायला लावतात आणि ती मोडली की त्याच्यावर दारूबरोबर शपथभंगाचेही ओझे चढते. मग तो कुमसारालाही येईनासा होतो.

इज्जतीचा प्रश्न मी हलका मानत नाही. मुलीचे जमलेले लग्न बापाच्या पिण्यावरून मोडते, हे घडते. म्हणून स्पष्ट करते. इगर्जीच्या माइकवरून कुणाची पापे वाचून दाखवा, असे मी म्हणत नाही. कुमसाराचे गुपित अभेद्य आहे. ते फोडणाऱ्या धर्मगुरूला इगर्जीच्या कायद्यात सगळ्यांत कडक शिक्षा आहे, आणि ते तसेच राहिले पाहिजे. माझे म्हणणे एवढेच की कुमसार क्षमा देते, पण क्षमा मिळालेला माणूस दहा मिनिटांत त्याच रस्त्यावर, त्याच तावेर्नासमोर येऊन उभा राहतो. तिथे त्याच्याबरोबर चालणारे कुणी हवे. याकोबाच्या पत्रात आजाऱ्यासाठी वडीलधाऱ्यांना बोलवा, तेल लावा, असे सांगून लगेच पुढे लिहिले आहे की एकमेकांजवळ आपली पापे कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, म्हणजे तुम्ही बरे व्हाल. तेल लावणे आपण ठेवले. एकमेकांजवळ बोलणे सोडले.

आणि तेलाचेही आपण काय केले पाहा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली सांगितले की हा शेवटच्या घटकेचा संस्कार नाही, याला आजाऱ्यांचा अभ्यंगसंस्कार म्हणणे अधिक योग्य. गंभीर आजारात, मोठ्या ऑपरेशनआधी, म्हातारपणाने अंग खचू लागल्यावर तो घ्यावा, पुन्हाही घ्यावा. साठ वर्षे उलटून गेली. तरी अजून घरचे म्हणतात, फादरांना आताच नको, पायांना, म्हणजे वडिलांना, वाटेल आपले संपले. बार्देशातल्या किती घरांत आता एक म्हातारी आणि एक सांभाळणारी बाई एवढीच राहतात. मुले इंग्लंडमधल्या स्विंडनला, नातवंडे व्हिडिओ कॉलवर. त्या म्हाताऱ्यांना आपण 'तब्येत कशी?' विचारतो, 'रात्री भीती वाटते का?' हे विचारत नाही. विचारले की बोलतात. एका माईने मला सांगितले की ती तेर्स म्हणताना मधेच झोपते आणि मग देवाला राग आला असेल म्हणून रात्रभर रडते. तिला कुणी तरी सांगायला हवे होते की अर्धवट राहिलेली तेर्स देव पुरी करून घेतो. आमच्या फादरांनी येऊन ते सांगितले, तेल लावले, आणि ती पुढे कितीतरी दिवस शांत झोपली.

आपला स्वतःचा संत याच वाटेने गेला. बाणावलीत 1651 साली जन्मलेले जुझे वाझ 1687 मध्ये भिकाऱ्याच्या वेशात सिलोनला उतरले, कारण तिथे डच अमलात कॅथलिक धर्मगुरूंना बंदी होती. उतरले ते आजाराने गळून गेलेले. तिथल्या गरिबांनी घातलेल्या पेजेवर ते जगले. पुढे 1697 मध्ये कँडीत देवीची साथ आली, माणसे आपल्याच आजाऱ्यांना टाकून पळाली, तेव्हा त्या टाकलेल्यांची सेवा याच जुझे वाझांनी केली. 2015 च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत म्हणून घोषित केले आणि गोव्यात घंटा वाजल्या. सांकवाळला आपण त्यांच्या दर्शनाला जातो, 16 जानेवारीला फेस्त करतो. परक्या मुलखात दुसऱ्याच्या हातची पेज घेऊन जगलेल्या माणसाचे हे फेस्त आहे, हे प्रवचनांतून आणखी ठळकपणे यायला हवे. मदत करणारे संत आपल्याला आवडतात; मदत घेणारे आपण विसरतो.

तेव्हा काय करावे? गोव्यात अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठका होतात, पण आपल्या पॅरिशच्या फलकावर त्यांची वेळ लिहिलेली असते का, हे प्रत्येकाने पाहावे. नसेल तर लिहून घ्यावी. त्यांना खोली लागते, खुर्च्या लागतात, चहाचे पाणी लागते, आणि आत येणाऱ्याला रस्त्यावरून कुणी टिपणार नाही असे दार लागते. इगर्जीच्या शाळेत संध्याकाळी वर्ग रिकामे असतात. पिणाऱ्यांच्या बायकांसाठी, मुलांसाठी वेगळी बैठक हवी. त्यांचा दुबळेपणा वेगळा आहे आणि त्यांच्याकडे कुणी बघत नाही. प्रत्येक वाड्यावरच्या दोघांना, एक बाई आणि एक पुरुष, ऐकण्याचे शिक्षण द्यावे. शिकवणारे गोव्यातच आहेत. कुमसाराची वेळ शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेआधी दहा मिनिटे अशी कोंबलेली नसावी, ज्याला वेळ लागतो त्याला वेळ मिळावा. आणि लदिनीनंतरच्या ट्रेवर आठ-दहा दिवस नुसते कोकम सरबत, सोडा ठेवून पाहावा. आमच्या शेजारच्या एका वाड्याने हे केले, तेव्हा लोक कुरकुरले, पण चणे संपेपर्यंत थांबले. परंपरेला त्याने धक्का लागला असे मला दिसले नाही. ज्यांना घ्यायची आहे त्यांची घरे जवळच आहेत.

पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत फेस्ताचा हिशेब निघतो, छपराची गळती निघते, बँड कुठला आणायचा यावर तासभर चर्चा होते. त्या यादीत हा विषय यावा म्हणून मी आमच्या वाड्याच्या वतीने पत्र लिहिले आहे. एक खोली आणि आठवड्यातली एक संध्याकाळ, एवढीच मागणी आहे. पत्रावर सह्या घेत फिरताना तीन बायकांनी सही केली नाही, पण दारापर्यंत सोडायला आल्यावर खोली कुठली आणि वार कुठला, हे तिघींनीही विचारून घेतले.